हरायची मुभा

डिसेंबरच्या 3 तारखेला जागतिक दिव्यांग दिन असतो. त्याच्या आगेमागे जिल्ह्याजिल्ह्यांत दिव्यांग मुलांच्या क्रीडा स्पर्धा होतात. मैदानावर फक्की मारलेली असते, मांडव पडलेला असतो, प्रमुख पाहुण्यांना तास-दीड तास उशीर झालेला असतो आणि तोवर मुलं उन्हात बसलेली असतात. मग दीपप्रज्वलन, क्रीडाज्योत, सत्कार, भाषणं. ‘खरी प्रेरणा तुमच्याकडूनच आम्हाला मिळते’ हे वाक्य एकदा तरी येतंच. पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम असतो, ते जातात. जेवणाआधीच्या उरलेल्या वेळात शर्यती उरकतात. शेवटी बऱ्याच ठिकाणी प्रत्येकाच्या गळ्यात सारखंच पदक पडतं, कुणाला वाईट वाटायला नको म्हणून.

यात कुणाचा हेतू वाईट नसतो. ही मुलं मैदानापर्यंत पोचतात ती विशेष शाळांतल्या शिक्षकांच्या आणि काळजीवाहकांच्या पदरमोडीवर, हे जवळून पाहणाऱ्याला ठाऊक आहे. त्यांच्यावर राग काढण्यात अर्थ नाही. पण सगळ्यांचाच पहिला नंबर आला म्हणजे कुणाचाच आला नाही, हे बारा वर्षांच्या पोराला बरोबर कळतं. पदक घेऊन तो घरी जातो, शेजारचा विचारतो, ‘कितवा आलास रे?’ आणि याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. खाऊ, टोपी, प्रमाणपत्र, टाळ्या सगळं मिळालं. स्पर्धा तेवढी मिळाली नाही.

‘अस्थिव्यंग, वयोगट 12 ते 16, धावणे 50 मीटर’ अशी एक शर्यत डोळ्यांसमोर आणा. रेषेवर पाच जण आहेत. एकाच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत. दुसरीच्या पायात कॅलिपर आहे. तिसरा दोन कुबड्यांवर. चौथ्याला सेरेब्रल पाल्सी आहे, त्याच्या टाचा जमिनीला टेकत नाहीत. पाचवी व्हीलचेअरवर, आणि ती खुर्ची दवाखान्यातली, पुढची छोटी चाकं भुसभुशीत मातीत रुतणारी. शिट्टी होते. दोन बोटं नसलेला पोरगा सुसाट सुटतो आणि कुबडीवाला निम्म्यावर पोचायच्या आत याची शर्यत संपलेली असते. व्हीलचेअरवाल्या मुलीला शेवटचे वीस मीटर कुणीतरी मागून ढकलत आणतं आणि मांडवातून सगळ्यात मोठी टाळी तिलाच मिळते. तिला मात्र त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटत असतं.

ही शर्यत न्याय्य कशी करायची, या प्रश्नाभोवतीच पॅरा-खेळ उभे राहिले आहेत. त्याचं उत्तर म्हणजे वर्गीकरण. ॲथलेटिक्समध्ये टी म्हणजे ट्रॅकवरचे प्रकार आणि उड्या, एफ म्हणजे मैदानी फेकी, आणि पुढे आकडा. शारीरिक अपंगत्वापुरतं बोलायचं तर 31 ते 38 हे सेरेब्रल पाल्सी आणि तत्सम दोषांचे गट, 40 आणि 41 ठेंगण्या उंचीचे, 42 ते 44 पायातल्या दोषाचे, 45 ते 47 हाताच्या दोषाचे, 51 ते 57 बसून खेळणाऱ्यांचे, 61 ते 64 कृत्रिम पाय लावून खेळणाऱ्यांचे. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये तर प्रत्येक खेळाडूला त्याच्या शारीरिक क्षमतेनुसार 1 ते 4.5 गुण दिलेले असतात आणि मैदानावरच्या पाच जणांची बेरीज 14 च्या वर जाऊन चालत नाही. म्हणजे कमरेखाली काहीच ताकद नसलेला खेळाडू प्रशिक्षकाला संघात घ्यावाच लागतो, दया म्हणून नव्हे, गणित जुळत नाही म्हणून. बास्केटची उंची मात्र सगळ्यांना तीच, 3.05 मीटर. ती कुणी खाली आणलेली नाही.

आपल्याकडे मुलाजवळ असतं ते यूडीआयडी कार्ड आणि त्यावरची टक्केवारी. 40 टक्क्यांची रेषा ओलांडली की सवलती मिळतात, तेवढ्यासाठी ते ठीक आहे. मैदानावर ती टक्केवारी कुचकामी ठरते. एकाचे 50 टक्के हातात असतील, दुसऱ्याचे पायात. बसून गोळा फेकायचा तर पायाचं काय ते फारसं बिघडत नाही. पोटाचे आणि पाठीचे स्नायू किती साथ देतात यावर सगळं ठरतं. ते कार्डावर लिहिलेलं नसतं. ते बघायला फिजिओथेरपीची जाण असलेलं एक माणूस लागतं, त्या खेळाची जाण असलेलं दुसरं लागतं, आणि दोघांनी मुलाला तपासायच्या टेबलावर आणि खेळतानाही पाहावं लागतं. आंतरराष्ट्रीय दर्जाचे वर्गीकरणकर्ते प्रत्येक तालुक्यात मिळणार नाहीत, हे उघड आहे. पण जिल्हा रुग्णालयातला फिजिओ आणि पीटीचे दोन जाणते सर यांना चार दिवस बसवून शिकवलं, तर निदान हाताची आणि कुबडीची शर्यत एकत्र लागणार नाही.

वर्गीकरण म्हणजे लाड नव्हेत, हेही सांगायला हवं. टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये विनोद कुमारने थाळीफेकीच्या एफ 52 गटात 19.91 मीटर फेक करून तिसरा नंबर काढला. देशभर अभिनंदनं झाली. इतर संघांनी त्याच्या गटावर हरकत घेतली, फेरतपासणी झाली आणि त्याचं शरीर त्या गटाच्या निकषांत बसत नाही म्हणून पदक गेलं. कुणाचं मन मोडेल याचा विचार तिथे झाला नाही. क्रूर वाटेल, पण चौथ्या नंबरवर जो बसला होता त्याचाही विचार कुणीतरी करायला हवाच की. ज्या खेळात पदक काढून घेता येतं, त्याच खेळात दिलेल्या पदकाला वजन असतं.

या सगळ्याच्या मुळाशी जाणारा खटला अमेरिकेत एका शाळकरी मुलीने लढवला आहे. तात्याना मॅकफॅडन. जन्म रशियातला, 1989 चा. पाठीच्या कण्यातल्या जन्मजात दोषाने कमरेखाली हालचाल नाही. अनाथाश्रमात व्हीलचेअर नव्हती, म्हणून ही पोरगी हातांवर चालायची, आणि ते हात तिला पुढे आयुष्यभर पुरले. अमेरिकन आईने दत्तक घेतल्यावर ती मेरीलँड राज्यात वाढली. 2004 साली, पंधराव्या वर्षी, अथेन्सच्या पॅरालिंपिकमध्ये तिने 100 मीटरला रौप्य आणि 200 मीटरला कांस्य मिळवलं. हे सगळं करून ती हायस्कुलात दाखल झाली आणि शाळेच्या ॲथलेटिक्स संघात नाव घालायला गेली, तर उत्तर मिळालं की इतर मुलांबरोबर धावता येणार नाही, खुर्चीमुळे त्यांना धोका आहे. तोड म्हणून तिला वेगळी शर्यत दिली गेली. वेगळी म्हणजे कशी, तर रिकाम्या ट्रॅकवर ती एकटी. बाकीच्यांनी थांबायचं, हिने फेरी मारायची, लोकांनी टाळ्या वाजवायच्या.

पॅरालिंपिकचं पदक जिंकलेल्या मुलीला शाळेत एकटीने धावून पहिलं यावं लागणार होतं. ती कोर्टात गेली. नुकसानभरपाई म्हणून एक डॉलरही मागितला नाही. मागणं एवढंच होतं, की इतर मुली धावतात तेव्हा मलाही त्याच ट्रॅकवर धावू द्या. 2006 साली न्यायालयाने तिच्या बाजूने आदेश दिला. पुढे एका स्पर्धेत काही प्रेक्षकांनी आपली हुर्यो उडवली, असं तिने नंतर सांगितलंय. टाळ्यांपेक्षा ती हुर्यो बरी, असं आम्हाला वाटतं. निदान ती खऱ्या प्रतिस्पर्ध्याला मिळालेली होती. 2008 मध्ये मेरीलँडने शाळांमधल्या दिव्यांग विद्यार्थ्यांच्या क्रीडाहक्काचा कायदाच केला आणि 2013 मध्ये अमेरिकी शिक्षण खात्याने सगळ्या देशातल्या शाळांना त्याच अर्थाच्या सूचना पाठवल्या. त्याच 2013 साली तात्यानाने बोस्टन, लंडन, शिकागो आणि न्यूयॉर्क या चारही मॅरेथॉन जिंकल्या.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं 30 वं कलम क्रीडाविषयकच आहे. मैदानं आणि सुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा करा, प्रशिक्षणाला पैसा द्या, त्यांच्यासाठी स्पर्धा भरवा, असं त्यात सरकारला स्वच्छ बजावलेलं आहे. 2022 साली महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातं काढलं, त्याचा गाजावाजाही झाला. 2011 च्या जनगणनेत राज्यात 29 लाखांवर दिव्यांग नोंदले गेले होते. त्यांतली जी शाळकरी मुलं नेहमीच्या शाळांत जातात, त्यांच्या पीटीच्या तासाला काय होतं? बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट होते. ‘तू बस रे इथे, दप्तरांवर लक्ष ठेव.’ सरांनी हे मायेनेच सांगितलेलं असतं. पाचवीपासून दहावीपर्यंत तो दप्तरं राखतो. आपल्या हातात गोळा फेकायची ताकद आहे की नाही, हे त्याला कधी कळतच नाही, कारण कुणी गोळा हातात दिलेलाच नसतो.

राजस्थानातल्या चुरू जिल्ह्यातल्या देवेंद्र झाझरियाच्या हातात निदान भाला आला. आठव्या वर्षी झाडावर चढताना विजेच्या तारेला हात लागून त्याचा डावा हात गेला. दिव्यांग गट वगैरे काही नव्हतंच, म्हणून तो शाळेच्या नेहमीच्या स्पर्धांतच भाला फेकत राहिला आणि धडधाकट मुलांना मागे टाकत राहिला. तिथेच तो प्रशिक्षकाच्या नजरेत भरला. 2004 मध्ये अथेन्सला 62.15 मीटरच्या विश्वविक्रमासह सुवर्ण. मग 2008 आणि 2012 च्या पॅरालिंपिकमध्ये त्याच्या गटाची भालाफेकच ठेवली नव्हती. बारा वर्षं हा माणूस थांबला आणि 2016 ला रिओत 63.97 मीटर फेकून पुन्हा सुवर्ण घेऊन आला. उलटा प्रवासही आता होऊ लागला आहे. दोन्ही हात नसलेली, पायाने धनुष्य पेलणारी किश्तवाडची शीतल देवी 2024 ला पॅरिसमध्ये सतराव्या वर्षी पदक घेऊन आली आणि 2025 मध्ये चाचणी देऊन भारताच्या धडधाकट कनिष्ठ तिरंदाजांच्या संघातही निवडली गेली. तिथे तिला कुणी गुण वाढवून दिले नव्हते.

महाराष्ट्राची यादी लहान नाही. पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी 1972 ला हायडेलबर्गमध्ये पोहण्याचं सुवर्ण आणलं तेव्हा बहुतेकांना पॅरालिंपिक हा शब्दही ठाऊक नव्हता. करमाळ्याच्या सुयश जाधवचे दोन्ही हात विजेच्या धक्क्याने गेले, तो पोहण्यात आशियाई विजेता झाला. सुरगाण्याच्या दिलीप गावितने हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत 400 मीटरचं सुवर्ण घेतलं. नांदेड जिल्ह्यातल्या भाग्यश्री जाधव बसून गोळा फेकतात. पॅरिसच्या उद्घाटनाला तिरंगा त्यांच्या हातात होता. पण यांच्या गोष्टी नीट ऐकल्या तर एकात सैन्य आहे, दुसऱ्यात घरच्यांचा हट्ट आहे, तिसऱ्यात योगायोगाने भेटलेला प्रशिक्षक आहे. तालुक्यापासून वर चढत जाणारी वाट जवळपास कुणाच्याच गोष्टीत नाही. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी पॅरिसला गोळाफेकीत 16.32 मीटर गेला. कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टची फेक 16.38 होती. सहा सेंटिमीटरने सुवर्ण हुकलं. नेमबाज स्वरूप उन्हाळकर टोकियोत चौथा, बॅडमिंटनपटू सुकांत कदम पॅरिसला चौथा. चौथ्याला पदक नसतं, तरीही या दोघांबद्दल वाटणारा आदर जरासुद्धा कमी होत नाही. उलट चौथा नंबर म्हणजे काय असतो, हे मुलांना दाखवायला याहून चांगली उदाहरणं कोणती?

खेळ फक्त जवळजवळ धडधाकट मुलांसाठीच, असा एक समज या क्षेत्रातही असतो. संयोजकांना पदकाची आशा असलेलीच मुलं हवी असतात. ज्यांना मान सावरता येत नाही ती मांडवातच राहतात. त्यांनी बोचिया बघावा. 12.5 मीटर लांब, 6 मीटर रुंद पट्टा. एक पांढरा चेंडू, सहा लाल, सहा निळे. पांढऱ्याच्या जास्तीत जास्त जवळ आपला चेंडू न्यायचा. ज्यांना हाताने फेकता येत नाही त्यांच्यासाठी उतरती घसरण असते. खेळाडू डोक्याला बांधलेल्या दांडीने चेंडूला नुसता धक्का देतो. घसरण फिरवायला मदतनीस बसतो, बहुतेक वेळा आई किंवा बाप. आणि नियम असा, की मदतनिसाने मैदानाकडे पाठ करून बसायचं. मागे वळून बघायचं नाही. लेकराने खुणेने सांगायचं, थोडं डावीकडे, थोडं वर, आणि आईने तेवढंच करायचं. चूक झाली तर लेकराची, डाव साधला तर तोही त्याचाच. आयुष्यभर त्याचा घास, त्याची बटणं, त्याचे निर्णय सांभाळणाऱ्या बाईला तासभर पाठ फिरवून बसवणारा हा नियम ज्याने कुणी केला, त्याला घराघरातलं सगळं माहीत असणार.

खर्चाचं कारण लगेच पुढे येईल. शर्यतीची तीनचाकी खुर्ची किंवा धावण्याचं ब्लेड लाखांच्या घरात जातं, ते खरंच आहे. पण सुरुवात तिथून करायची गरज नाही. बसून फेकीची खुर्ची म्हणजे लोखंडी पाइपची चौकट. बैठक गादीसकट 75 सेंटिमीटरच्या वर नको, धरायला एक उभी दांडी, मांड्या बांधायला पट्टे, आणि चौकट हलू नये म्हणून चारी बाजूंनी जमिनीला ताण. तालुक्याच्या गावातला वेल्डिंगवाला एका दुपारात ती करून देईल. बांधाबांधीला वेळ लागतो म्हणून बसून फेकणारा आपल्या सगळ्या फेकी ओळीने उरकतो, हे पंचांना माहीत असलं की झालं. खरा खर्च नेण्या-आणण्याचा आहे. एसटीत दिव्यांगांना 75 टक्के सवलत आहे. सवलत तिकिटात आहे, पायरीत नाही. बापाने पोराला उचलून चढवायचं, खुर्ची टपावर टाकायची, आणि मैदानावर पोचल्यावर कळायचं की स्वच्छतागृहाच्या दाराला उंबरा आहे. मग मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. हे आपल्याच जिल्ह्यापुरतं आहे असं समजून कुणी खजील होऊ नये. 2015 च्या मार्चमध्ये गाझियाबादच्या राष्ट्रीय पॅरा ॲथलेटिक्स स्पर्धेत देशभरचे खेळाडू फरशीवर झोपले, त्यांना वापरता येतील अशी स्वच्छतागृहं नव्हती. पुढच्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीने भारतीय समितीला निलंबित केलं. तिथून इथवर, पॅरिसच्या 29 पदकांपर्यंत, देश आला आहे आणि खेलो इंडियाच्या पॅरा स्पर्धाही 2023 पासून सुरू झाल्या आहेत. शिखरावर चांगलं चाललंय. पायथ्याशी मात्र तो उंबरा अजून आहे.

वर्तमानपत्रांनीही आरशात बघावं. शालेय कबड्डीचा निकाल क्रीडापानावर येतो, गुणांसकट. दिव्यांग मुलांच्या स्पर्धेची बातमी स्थानिक पानावर येते, फोटोत चार पाहुणे आणि मध्ये एक व्हीलचेअर, आणि मथळ्यात जिद्द. बातमी शेवटपर्यंत वाचली तरी कोण किती सेकंदांत आला, गोळा किती मीटर गेला, याचा पत्ता लागत नाही. बहुधा कुणी मोजलेलंच नसतं. पाहुण्यांची नावं मात्र हुद्द्यांसकट बिनचूक असतात.

शालेय क्रीडा स्पर्धांचं वेळापत्रक दर वर्षी निघतं: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. त्याच कागदावर पॅरा गटाच्या पाच-सहा ओळी वाढवाव्यात. बसून गोळाफेक, कुबडीची 50 मीटर, हाताच्या गटाची 100 मीटर, बोचिया, जमेल तिथे पोहणं. मैदान आखलेलं असतंच, पंच आलेले असतातच, घड्याळ त्यांच्या हातात असतं. डिसेंबरचा मेळावा व्हायचा तर होऊ दे, त्याला कुणाची हरकत नाही. एखाद्या तालुक्यात एखाद्या गटात एकटीच मुलगी आली, तर तिला पदक देऊन घरी पाठवू नये. तिची वेळ वहीत लिहून घ्यावी आणि तिला जिल्ह्याला पाठवावं. तिथे तिच्या गटातली दुसरी कुणी भेटेल, आणि कदाचित हिला हरवेलसुद्धा.